आबासाहेबांसाठी रंगवलेली भिंत

"मॅडम, असं जवळनं नका बघू. जरा लांब व्हा, लांब!"

केंजळे हातवारे करून मला मागे सारत होते. मी मागे झाले. समोर भिंत होती. काल संध्याकाळपर्यंत ती आमच्या कारखान्यातली सगळ्यांत गलिच्छ भिंत होती. जुन्या गोदामाची मागची बाजू ती. पोपडे, ओल, युनियनच्या फाटक्या पोस्टरांचे कपटे, कुणीतरी कोळशाने काढलेला बदाम आणि माणसाच्या तोंडाच्या उंचीवर गुटख्याच्या पिचकाऱ्यांचा लांबलचक तांबडा पट्टा. आज ती पांढरीशुभ्र होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक डाग शोधून सापडला नसता. भिंतीलगतचा कोबासुद्धा चांगला ऐसपैस पांढरा करून टाकला होता.

"दोन हात मारून घेतले," केंजळे म्हणाले. "आबासाहेब हितं उभं राहणार, आन् मागं ती पिचकाऱ्यांची भित? मला झोपच लागंना."

केंजळे आमचे प्रशासन अधिकारी, कोरेगावकडचे. मोठा माणूस येणार म्हटलं की आपल्याकडे आधी रंगाचे डबे उघडतात, पण केंजळे त्यातले वस्ताद. एकदा मंत्री येणार म्हणून त्यांनी झाडांच्या बुंध्यांना गेरू लावून घेतला होता, मग झाडांखालच्या कुंड्यांना, आणि त्या भरात कुंडीला टेकवलेल्या कुणाच्या तरी सायकलच्या मडगार्डलाही.

एकदम असं हसू फुटलं की मला तोंडावर ओढणी धरावी लागली.

"का वो मॅडम? काय चुकलं का?"

"काही नाही केंजळे. सुरेख झालंय. पारसनीस साहेबांनी पाहिलं का?"

"न्हाई. त्यांना सरप्राइज हाय."

तन्मय पारसनीस आमचे नवे उपाध्यक्ष. मोबाइल फोनच्या कंपनीतून आले होते, आणि गाडी म्हणजे चाकं लावलेला फोन, याहून जास्त काही असेल अशी शंका त्यांना कधी शिवली नव्हती. आल्या आल्या त्यांनी आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बंपरवर बोट ठेवलं. बंपरमध्ये बटणाएवढे गोल सेन्सर असतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज ते सोडतात, तो कशावर तरी आपटून परत आला की गाडीला अंतर कळतं आणि ती टूं टूं करायला लागते. साधी, बिनडोक आणि इमानी वस्तू. समोर काय आहे हे तिला कळत नाही, पण काहीतरी आहे हे नक्की कळतं.

"हे ठिपके मला देवीच्या व्रणांसारखे दिसतात," पारसनीस म्हणाले होते. "काढून टाका. माणूस काय कानांनी गाडी पार्क करतो? डोळ्यांनी करतो. कॅमेरे आहेत ना गाडीला? मग झालं तर!"

झालं तर! कॅमेऱ्याला अंतर कळतं ते डागांवरून. गाडी सरकली की भिंतीवरचा डाग चित्रात मोठा होतो, त्यावरून भिंत किती जवळ आली याचं गणित मांडता येतं. भिंतीवर काहीच नसेल तर मांडायलाही काही नाही. मी हे बैठकीत सांगितलं आणि विचारलं, कोरी भिंत आली तर काय करायचं?

"भोगले मॅडम," पारसनीस म्हणाले, "या देशात मला एक कोरी भिंत दाखवा."

सगळे हसले. उपाध्यक्ष विनोद करून थांबले की हसायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. मग त्यांनी सगळ्यांना या गोदामाच्या भिंतीपाशी आणून सेन्सर काढलेली गाडी मागे घेऊन दाखवली. गाडी थांबली. दर वेळी थांबली. न थांबायला काय झालं होतं? कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट होती.

पण कोणतीही नवी यंत्रणा चाचणी विभागाच्या सहीशिवाय रस्त्यावर जात नसे, आणि चाचणी विभागाची प्रमुख मी होते. मी सही देत नव्हते. लोक आपापल्या इमारतीखाली गाडी लावणार ती गाडीच्या भरवशावर. मागे नुकतीच रंगवलेली भिंत असेल, काचेचं दार असेल, आणि त्या दारापलीकडे कुणाची आई पिशवी घेऊन उभी असेल. पारसनीसांनी त्यावर तोड काढली. गुरुवारी कंपनीचे मालक आबासाहेब इनामदार येणार होते. त्यांच्यासमोर गाडी भिंतीपाशी थांबली की मी तिथल्या तिथे सही करायची. नाही केली, तर नांदेडच्या गोदामात सुटे भाग सांभाळायला जायचं. हे त्यांनी मला चहा पाजून, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

आणि आज गुरुवार होता.

पारसनीस आले ते निळा सूट घालून. गोदामाला वळसा घालून पुढे आले आणि जागच्या जागी थांबले.

"हे काय आहे?"

"वॉशेबल हाय साहेब," केंजळे म्हणाले. "भारीतला रंग."

पारसनीस माझ्याकडे वळले. "हे तुम्ही करवून घेतलंत."

"मी? मला सकाळी कळलं."

"शक्यच नाही."

"साहेब, आयडिया माझी हाय," केंजळे अभिमानाने म्हणाले. श्रेय दुसऱ्या कुणाला जातंय हे त्यांना खपेना.

मी पारसनीसांना म्हटलं, वाद कशाला, बघूनच घेऊ. मी गाडीत बसले, ते शेजारी बसले. स्वयंचलित पार्किंगचं बटण दाबलं आणि पाय ब्रेकवर तयार ठेवला. गाडी मागे निघाली. पडद्यावर हिरवी पट्टी होती. मागे मोकळं मैदान आहे असं गाडीचं म्हणणं होतं. हिरवी, हिरवी, अजून हिरवी. मी ब्रेक दाबला. खाली उतरून पाहिलं तर बंपर आणि भिंत यांच्यामध्ये माझा पंजासुद्धा जेमतेम गेला.

पारसनीसांच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, आता तरी माणूस ताळ्यावर येईल. म्हणेल, आजचा कार्यक्रम रद्द करू, सेन्सर राहू देत. पण ज्याला शहाणपण दाखवून मोठं होता आलं नाही, तो धडपडीवर मोठा होतो.

"दुसरी भिंत घ्या," ते म्हणाले.

"सगळ्याच रंगवल्यात साहेब," केंजळे म्हणाले. "एक कशी सोडायची?"

"मग ही होती तशी करा."

"म्हंजे?"

"म्हणजे पूर्वीसारखी. डाग हवेत. ते लाल."

केंजळ्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या माणसाने कारखान्यातलं थुंकणं बंद करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. दंड लावले, शपथा घातल्या, जिन्यांच्या कोपऱ्यांत देवांच्या फरश्या बसवल्या. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, इतक्या वर्षांच्या पिचकाऱ्या मी तासाभरात कुठनं आणू?"

पारसनीसांनी जवळच्या शेडमधून सात-आठ कामगार बोलावून घेतले. एका उपाध्यक्षाने, निळ्या सुटात, कामगारांना ओळीने उभं करून "मोकळेपणाने थुंका" असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हा सापळा वाटला.

"आम्ही खात न्हाई साहेब," एकजण म्हणाला. त्याचा गाल फुगलेला होता.

"कुणालाही दंड होणार नाही. मी सांगतोय ना."

"तुमी सांगताय, पण ते बघत्यात की." त्याने डोळ्यांनीच केंजळ्यांकडे खूण केली. केंजळे खरोखरच बघत होते. इतका दुखावलेला माणूस बघत असताना कुणाची थुंकायची छाती होईल?

मग कॅन्टीनमधून चहाची किटली मागवली. पारसनीसांनी स्वतः चहा भिंतीवर फेकला. तो सरसर खाली आला आणि भिंत पुन्हा होती तशी पांढरी.

"सांगितलं न्हाई का, वॉशेबल हाय," केंजळे म्हणाले. पण त्यांचा आवाज आता रडवेला झाला होता.

आबासाहेबांची गाडी फाटकातून आत आल्याचा फोन आला, तेव्हा पारसनीसांना फरश्या आठवल्या. जिन्यांना लावून उरलेल्या देवांच्या फरश्यांचं एक खोकं केंजळ्यांच्या खोलीत होतं. ते धावत आणलं. गणपती, साईबाबा, अंबाबाई, क्रूस, मक्केचं चित्र, सगळे धर्म भिंतीच्या पायाशी ओळीने टेकवून उभे केले.

"ही काय चाचणी झाली?" मी म्हटलं.

"याला रेफरन्स मार्कर म्हणतात," पारसनीस म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसून हसतमुख झाले.

आबासाहेब उतरले. वय ऐंशीच्या घरात, धोतर, कोट आणि गळ्याला मानेचा पट्टा. दोन महिन्यांपूर्वी मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. सोबत फोटोग्राफर होता, आणि गाडीत धक्का लागला तर याद राखा, असं डॉक्टरांनी ड्रायव्हरला बजावलं आहे हे आम्हा सगळ्यांना आधीच कळवलेलं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "केंजळे, झकास!" केंजळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पारसनीसांनी आधी भाषण ठोकलं. मग ते गाडीत बसले आणि दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढले, जगाला कळावं की स्टिअरिंग मोकळं आहे. गाडी मागे गेली आणि फरश्यांपासून हातभर अंतरावर अलगद थांबली. टाळ्या झाल्या. आबासाहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मग ते काठी टेकत पुढे गेले, कमरेत वाकले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"अरे, हे काय? अंबाबाई जमिनीवर? आणि तिच्याकडं गाडीचं बूड करून मागं येताय?"

"सर, ते रेफरन्स..."

"कसला रेफरन्स? उचला आधी! लाज वाटत नाही?"

त्यांनी स्वतः अंबाबाईची फरशी उचलली, कोटाच्या बाहीने पुसली, कपाळाला लावली. बाकीच्या केंजळ्यांनी भराभर खोक्यात भरल्या. भिंत पुन्हा कोरी झाली.

"हं, आता मी बसतो आत," आबासाहेब म्हणाले. "पुन्हा दाखवा. बाहेरून काय बघायचं? गिऱ्हाइकाला कसं वाटतं ते कळलं पाहिजे."

मी पारसनीसांकडे बघत होते. त्या म्हाताऱ्या माणसाच्या मानेत स्क्रू होते. तासाभरापूर्वी आम्ही दोघांनी, एकाच गाडीत बसून, ती हिरवी पट्टी पाहिली होती. मला खरंच वाटलं होतं की हा आता बोलेल. लबाड असला तरी माणूस आहे.

"शुअर, सर," पारसनीस म्हणाले आणि त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं.

तोवर मला त्यांचा फक्त कंटाळा होता. त्या क्षणी किळस आली.

"आबासाहेब, बसू नका," मी म्हटलं. "ही भिंत गाडीला दिसत नाही. तिच्यावर डाग नाही, रेघ नाही. गाडी थांबणार नाही."

आबासाहेबांनी मान वळवता येत नसल्यामुळे सगळं अंग माझ्याकडे वळवलं. "आता तर थांबली."

"ती फरश्यांपुढे थांबली."

"सर, मॅडम आमच्या फार सिनिअर आहेत," पारसनीस हसत म्हणाले. "जुन्या सेन्सरवर त्यांचा जीव आहे. बदल सगळ्यांनाच झेपतो असं नाही."

"तुझी खात्री आहे?" आबासाहेबांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग असं कर. तू स्वतः जा आणि त्या भिंतीला पाठ लावून उभा राहा."

फोटोग्राफरनेसुद्धा कॅमेरा खाली घेतला. केंजळे म्हणाले, "अरे देवा." पण पारसनीस एक क्षणही थांबले नाहीत. कोटाचं बटण लावलं आणि ताठ मानेने चालत जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हाताची घडी घालून. लोक माना उंचावून बघायला लागले. असा आपल्या कामावर जीव टाकणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

पाहुणा गाडीत असेल तर आमच्या विभागाचा माणूस स्टिअरिंगवर असायलाच हवा असा नियम होता, म्हणून मी बसले. शेजारी आबासाहेब बसले. मी त्यांचा सीटबेल्ट नीट लावला. बटण दाबलं. गाडी मागे निघाली. पारसनीसांपासून चांगल्या दोन हातांवर ती थांबली, इतकी हळुवार की आबासाहेबांची काठीही हलली नाही.

बाहेर नुसता जल्लोष. त्या क्षणाचा फोटो आहे. पांढरी भिंत, तिच्यापुढे हाताची घडी घातलेले पारसनीस आणि त्यांच्या अगदी समोर येऊन थांबलेली गाडी. अजूनही ते व्याख्यानं देत हिंडतात, आणि विश्वास या विषयावर आले की हा फोटो मागे मोठ्या पडद्यावर लावतात. मी एकदा पुण्यात मागच्या रांगेत बसून ऐकलं आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. फोटोग्राफरने त्यानंतर कॅमेरा बॅगेत भरला होता, त्यामुळे पुढचं कुठल्याच पडद्यावर येत नाही.

"बाई, झालं ना समाधान?" गाडीत आबासाहेब मला म्हणाले. "आता करून टाका सही. पोरगा मरायला उभा राहिला हो!"

"मरायला नाही आबासाहेब. माणूस गाडीला दिसतो. निळा कोट, लाल टाय, काळी पँट. फरश्यांपेक्षा उत्तम. हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते किती लगबगीने गेले, ते बघितलंत ना?"

आबासाहेबांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"मी सही करते," मी म्हटलं. "लगेच करते. त्यांना फक्त भिंतीपासून बाजूला व्हायला सांगा. तुम्ही आहात तिथेच बसा. तीच गाडी, तीच भिंत, परत एकदा मागे घेऊ."

मी गाडी पुढे नेऊन उभी केली. पाय ब्रेकवर ठेवला होता, काही झालं तरी म्हाताऱ्याच्या मानेला मी धक्का लागू देणार नव्हते. आबासाहेबांना मागे वळून बघता येत नव्हतं, म्हणून ते समोरच्या पडद्यावरच बघत होते. मागचा कॅमेरा दाखवत होता ते सगळं पांढरं, आणि मधोमध पारसनीस.

आबासाहेबांनी खिडकीची काच खाली केली आणि ओरडले, "पारसनीस! शाब्बास! आता हो बाजूला!"

पडद्यावरचे पारसनीस हसले. हात हलवला. पण हलले नाहीत.

"अरे बाजूला हो म्हणतोय! मी बसलोय आत, परत मागं येतो!"

"इट्स ओके सर! मी इथेच बरा आहे!"

"इथेच बरा आहे म्हणजे?"

"या सर, या तुम्ही! मी थांबतो!"

केंजळे पुढे झाले, पारसनीसांच्या कोपराला धरून म्हणाले, "चला साहेब, मालक बोलावत्यात." पारसनीसांनी कोपर सोडवून घेतलं. त्यांनी हाताची घडी सोडली होती आणि दोन्ही तळवे मागे भिंतीला टेकवले होते. ते घामाने थबथबले होते. बाजूला झाले, तर मालक भिंतीवर आदळणार. बाजूला का होत नाही ते सांगितलं, तर सगळंच सांगावं लागणार. कॅमेरा त्यांचा एकेक ओघळ स्वच्छ दाखवत होता. उन्हात तो माणूस तसाच उभा राहिला.

आबासाहेबांनी खिडकीची काच सावकाश वर केली. मग पडद्याकडे बोट करून मला म्हणाले,

"बाई, आपण गाड्या विकल्या की हा प्रत्येकाच्या घरी जाऊन असा भिंतीपुढं उभा राहणार आहे का?"